शाळेच्या वृत्तपत्राची जबाबदारी आली आहे: संघटना, स्पर्धा, उन्हाळी कार्यक्रम आणि कायदा, कुठून सुरुवात करू?

रेघोटी

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. सप्टेंबरपासून शाळेच्या वृत्तपत्राचं अ‍ॅडव्हायझरपद माझ्याकडे आलं आहे. पत्रकारितेचं शिक्षण नाही, निबंध तपासायची सवय मात्र भरपूर. पेपरची वेबसाइट आहे, वर्षातून चार छापील अंक निघतात, स्टाफमध्ये नववी ते बारावीची मुलं आहेत.

जेईए, एनएसपीए, सीएसपीए, क्विल अँड स्क्रोल ही नावं सगळीकडे दिसतात. प्रत्येकाचं सदस्यत्व वेगळं, फी वेगळी. आमच्या बजेटमध्ये एक, फार तर दोन बसतील. कोणतं आधी घ्यावं? अकरावी-बारावीच्या मुलांना कोणत्या स्पर्धा आणि उन्हाळी कार्यक्रम खरोखर उपयोगाचे आहेत? आणि अंक छापायला जाण्याआधी प्रिन्सिपलना दाखवायचा असा इथे रिवाज आहे. कायद्याने तसं करावंच लागतं का?

दुसरं_प्रूफ

रेघोटीताई, आधी नावांचा गुंता सोडवू, कारण या चार संस्था एकच काम करत नाहीत.

जेईए, म्हणजे जर्नलिझम एज्युकेशन असोसिएशन, ही शिक्षकांची संघटना. कचेरी कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत. सदस्य तुम्ही व्हायचं, पेपर नाही. एनएसपीए (नॅशनल स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन) आणि सीएसपीए (कोलंबिया स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन) या प्रकाशनांच्या संस्था, तिथे सदस्य होतो तो पेपर. सीएसपीए कोलंबिया युनिव्हर्सिटीची, १९२५ पासूनची. क्विल अँड स्क्रोल ही मुलांची ऑनर सोसायटी. १९२६ साली आयोवा युनिव्हर्सिटीत जॉर्ज गॅलप यांनी सुरू केली. हे गॅलप म्हणजे पुढे जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध झालेलेच.

पहिल्या वर्षी माझा कौल जेईएला. तीन कारणं. एक, त्यांचा अभ्यासक्रम: बातमीलेखन, कायदा, नीतिमत्ता, डिझाइन, फोटो यांचे तयार धडे सदस्यांना मिळतात. ज्याला विषय नवीन आहे त्याची पहिली तिमाही यावर निघते. दोन, नव्या अ‍ॅडव्हायझरला अनुभवी अ‍ॅडव्हायझर जोडून देणारा त्यांचा मेंटरिंग कार्यक्रम आहे. तीन, तुमच्या एखाद्या सीनियरला (बारावीतल्या मुलाला) जेईएच्या 'जर्नलिस्ट ऑफ द इयर' पुरस्कारासाठी अर्ज करायचा असेल तर अ‍ॅडव्हायझर जेईएचा सदस्य लागतो. फेब्रुवारीत हे कळून धावपळ करणारे दरवर्षी निघतात.

दुसऱ्या सदस्यत्वाचे पैसे असतील तर सीएसपीए किंवा एनएसपीए यांपैकी एक घ्या, पण पुरस्कारासाठी नाही, क्रिटिकसाठी. तुमचे वर्षभरातले अंक बाहेरचा जाणकार ठरलेल्या निकषांवर तपासतो आणि लेखी शेरे देतो. क्रिटिक काही सदस्यत्वांत धरलेलं असतं, काहींत वेगळे पैसे पडतात; फॉर्मवर नीट बघा. नव्या शिक्षकाला या शेऱ्यांचा जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याही कार्यशाळेचा होत नाही, कारण चर्चा तुमच्याच पानांवर चाललेली असते. एनएसपीएचा पेसमेकर आणि सीएसपीएचा क्राऊन हे मोठे मान आहेत, पण ते पहिल्या वर्षाचं काम नव्हे.

राज्यातली गार्डन स्टेट स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन विसरू नका. ज्या अ‍ॅडव्हायझरला फोन करून 'तुमच्याकडे छपाई कुठे करता हो?' विचारता येईल, तो तिथे भेटतो.

तुमच्या स्वतःसाठी: जेईएची प्रमाणपत्रं दोन. आधी सीजेई (सर्टिफाइड जर्नलिझम एज्युकेटर), नंतर एमजेई (मास्टर जर्नलिझम एज्युकेटर). पहिल्याला काही वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, म्हणून आत्ता घाई नको. उन्हाळ्यात जेईएचं अ‍ॅडव्हायझर इन्स्टिट्यूट असतं. डिस्ट्रिक्टच्या (तुमची शाळा ज्या शालेय प्रशासनाखाली येते त्याच्या) प्रोफेशनल डेव्हलपमेंटच्या पैशातून ते मागता येतं का, हे वसंतातच विचारून ठेवा. मे उजाडेपर्यंत तो निधी बहुधा संपलेला असतो.

आता एक न विचारलेलं. स्पर्धांचा विचार करण्याआधी सप्टेंबरमध्ये एक शीट बनवा. प्रत्येक बातमीला एक ओळ: विषय एका वाक्यात, बातमीदार, ज्यांच्याशी बोलायचं त्यांची नावं, लागणारा कागद (बजेट, सभेचं इतिवृत्त, धोरण), फोटो कोण काढणार, शब्दमर्यादा, पहिला मसुदा कधी, प्रसिद्ध कधी झाली, लिंक. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे वाटतात, पण जानेवारीत मुलांची सगळी कात्रणं तारखेसकट हाताशी असतात ती त्यांच्यामुळेच. पुढे कोणी स्पर्धांचं लिहीलच. तिथे अडतं ते इथेच.

निबंध तपासायची सवय म्हणालात, ती थोडी आवरावी लागेल. अ‍ॅडव्हायझरने मुलाच्या मजकुरात वाक्यं घालायची नसतात. समासात प्रश्न लिहा: 'हे कोणी सांगितलं?', 'हा आकडा कोणत्या वर्षाचा?', 'ज्याच्यावर परिणाम झाला तो कुठे आहे?' दुरुस्ती मूल करेल. हे केवळ शिस्तीसाठी नाही. मजकूर मुलांचाच राहिला तर पुढे कायद्याचं संरक्षण मागताना आणि स्पर्धेत 'हे विद्यार्थ्याचं काम आहे' असं लिहून देताना तुमची बाजू स्वच्छ राहते.

समासातली_टीप

कायद्याचा प्रश्न माझ्याकडे. दोन निकाल आणि एक राज्याचा कायदा एवढं माहीत असलं की पुरतं.

१९६९, टिंकर विरुद्ध डेस मॉइन्स. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या मुलांना शाळेने निलंबित केलं होतं. सुप्रीम कोर्टाने ठरवलं की शाळेत आल्याने मुलांचा अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही. शाळेच्या कामात भरीव व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल तरच शाळेला आडवं येता येतं.

१९८८, हेझलवुड विरुद्ध कुलमायर. सेंट लुईसजवळच्या हायस्कूलमधल्या पत्रकारितेच्या वर्गाचा पेपर. किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवरचे लेख असलेली दोन पानं प्रिन्सिपलनी १९८३ मध्ये काढून टाकली होती. कोर्टाने ५-३ असा कौल शाळेच्या बाजूने दिला: शाळेच्या नावाने, वर्गाचा भाग म्हणून निघणाऱ्या पेपरवर प्रशासनाला शैक्षणिक दृष्टीने वाजवी कारण असेल तर नियंत्रण ठेवता येतं. अमेरिकेतल्या बहुतेक प्रिन्सिपलना या विषयावर फक्त हाच निकाल ठाऊक असतो.

पण राज्यांना यापेक्षा जास्त संरक्षण देता येतं. कॅलिफोर्नियाने १९७७ मध्ये, म्हणजे हेझलवुडच्याही आधी दिलं. पुढे मॅसॅच्युसेट्स, आयोवा, कोलोरॅडो, कॅन्सस, अरकॅन्सा असे करत गेले. नॉर्थ डकोटाने २०१५ मध्ये केलेल्या कायद्यापासून अशा कायद्यांना 'न्यू व्हॉइसेस' हे नाव रूढ झालं. तुमच्या न्यू जर्सीत हा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये सही होऊन आला, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. त्यातलं कामाचं एवढं:

मजकूर काय असावा हे मुलं ठरवतात, शाळेचे पैसे असले तरी आणि तो वर्गाचा भाग असला तरी. अपवाद मोजके आहेत: बदनामीकारक मजकूर, खाजगीपणावर अकारण आक्रमण, अश्लीलता, कायद्याचा भंग, शाळेत गोंधळाला चिथावणी, अशा स्वरूपाचे. 'शाळेची प्रतिमा खराब होते' हा त्यात नाही. 'विषय वादग्रस्त आहे' हाही नाही. मुलांच्या हक्काची पाठराखण केली म्हणून अ‍ॅडव्हायझरवर बदलीची किंवा शिस्तीची कारवाई करता येत नाही. आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टने याचं लेखी धोरण करायचं आहे. स्कूल बोर्डाच्या वेबसाइटवर पॉलिसी विभागात ते शोधा. सापडलं नाही तर सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या) कचेरीला ईमेल करून मागा. तोंडी विचारू नका.

आता तुमच्या रिवाजाबद्दल. आधी वाचणं आणि आधी अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिन्सिपलनी अंक वाचला म्हणजे लगेच कायदा मोडला असं होत नाही; वाचून लेख काढायला सांगितला की कायद्याचा प्रश्न उभा राहतो. पण वाचण्याची सवयही वाईट, कारण मुलं नकळत 'हे सरांना चालेल का?' असा विचार करून विषयच सुचवत नाहीत. ही अडवणूक कुठल्याच कागदावर दिसत नाही. आणखी एक मुद्दा प्रिन्सिपलना सांगण्यासारखा आहे: जो आधी वाचून मान्यता देतो, त्याच्याकडेच नंतर चिडलेला पालक जातो. अंक प्रसिद्ध झाला की पहिली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवायची, हा तोडगा बहुतेक ठिकाणी चालतो.

प्रत्यक्ष अडचण आलीच तर स्टुडंट प्रेस लॉ सेंटर आहे. १९७४ पासून काम करतं. विद्यार्थी पत्रकार आणि अ‍ॅडव्हायझर यांना त्यांची कायदेशीर हॉटलाइन फुकट आहे. मुलांनी स्वतः संपर्क करावा हे उत्तम, कारण हक्क त्यांचा आहे.

जाता जाता: खाजगी शाळांना यातलं बरंचसं लागू होत नाही. अभिव्यक्तीचा हक्क देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, आणि खाजगी शाळा सरकार नाही. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी तिथे शिकवत असेल तर त्यांना शाळेच्या लेखी धोरणावरच भिस्त ठेवावी लागते.

बायलाइन_कोणाची

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. स्पर्धांचं मी लिहितो. आधी स्पर्धा कोणत्या, मग अर्ज कुठे बाद होतात ते. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

फुकट आणि सुरुवातीला चांगली: न्यूयॉर्क टाइम्सच्या लर्निंग नेटवर्कच्या स्पर्धा. शालेय वर्षाच्या सुरुवातीला ते वर्षभराचं कॅलेंडर देतात. ते छापून भिंतीवर लावा. लेखनमर्यादा आखडती असते, साधारण साडेचारशे शब्दांच्या घरात, आणि त्या मर्यादेतच मुलांना कापायला शिकवता येतं.

व्हिडिओ करणारी मुलं असतील तर सी-स्पॅनची (संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या वाहिनीची) स्टुडंटकॅम. सहावी ते बारावी, पाच ते सहा मिनिटांचा माहितीपट, एकट्याने किंवा तिघांपर्यंतच्या गटाने. मुदत जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपास असते. सी-स्पॅनचं स्वतःचं चित्रीकरण त्यात वापरावंच लागतं आणि विरुद्ध बाजूही दाखवावी लागते. या दोन अटी विसरून सुंदर फिल्म पाठवणारे पुष्कळ.

ऑडिओसाठी एनपीआरची (नॅशनल पब्लिक रेडिओची) स्टुडंट पॉडकास्ट चॅलेंज. कमाल आठ मिनिटं. इथे गडबड होते ती संगीताने: फोनमधलं आवडतं गाणं मागे लावलं की हक्कांचा प्रश्न आला. मुलांनी स्वतः वाजवलेलं किंवा मुक्त परवान्याचं संगीत घ्या, आणि परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

स्कोलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्समध्ये जर्नलिझम हा वेगळा विभाग आहे. सातवी ते बारावी, वय तेरा पूर्ण. मुदत तुमच्या विभागाप्रमाणे, बहुधा डिसेंबर ते जानेवारीची सुरुवात. प्रवेशाला फी आहे, पण परवडत नसेल तर माफीचा फॉर्म आहे. मुलं लाजून तो मागत नाहीत, म्हणून तुम्हीच सगळ्यांसमोर सांगून टाका.

क्विल अँड स्क्रोलचीही लेखन, फोटो आणि मल्टिमीडियाची वार्षिक स्पर्धा असते. जेईए आणि एनएसपीए मिळून वर्षातून दोनदा, शरद आणि वसंतात, राष्ट्रीय अधिवेशन भरवतात. त्यातल्या जागेवरच्या स्पर्धा मला सगळ्यांत आवडतात: त्याच दिवशी विषय मिळतो आणि ठरलेल्या वेळात काम करून द्यायचं असतं. तिथे पालकाने शिवलेला लेख चालत नाही.

'जर्नलिस्ट ऑफ द इयर' फक्त सीनियर्ससाठी. आधी राज्य, राज्यातला विजेता राष्ट्रीय फेरीत. वेबसाइटच्या स्वरूपात पोर्टफोलिओ लागतो: बातमीलेखन, संपादन, डिझाइन, फोटो, कायदा आणि नीतिमत्ता, नेतृत्व अशा विभागांत काम दाखवायचं. मुलं सगळं चढवतात आणि तिथेच चुकतात. परीक्षकाला हवं असतं थोडंच काम, आणि प्रत्येकाखाली चार वाक्यं: विषय कसा सुचला, कोणती अडचण आली, कोणता निर्णय घेतला, प्रसिद्ध झाल्यावर काय बदललं. म्हणून दहावीपासूनच प्रत्येक मोठ्या बातमीनंतर ही चार वाक्यं लिहून ठेवायची सवय लावा. बारावीत कोणाला काही आठवत नसतं.

आता बाद होण्याची कारणं.

प्रसिद्धीची तारीख खिडकीबाहेर. बहुतेक स्पर्धांना ठराविक काळात प्रसिद्ध झालेलंच काम लागतं. वेबसाइटवर लेख नंतर 'अपडेट' केला आणि थीमने जुनी तारीख घालवून नवी दाखवली की घोटाळा. मूळ तारीख दिसेल अशी सेटिंग ठेवा आणि प्रसिद्ध झाल्या दिवशी पीडीएफ काढा.

चुकीचा विभाग. संपादकीय म्हणजे पेपरची भूमिका, त्यावर सहसा लेखकाचं नाव नसतं. स्तंभ म्हणजे एका व्यक्तीचं मत. मुलं नाव घातलेला मतलेख संपादकीयात पाठवतात. तसंच बातमी आणि फीचर. शाळेत फोनबंदीचा निर्णय झाला ही बातमी. फोन नसलेल्या पहिल्या आठवड्यात लायब्ररीत काय दिसलं हे फीचर. परीक्षक विभाग बदलून देत नाही, गुण कापतो.

फोटो. सोशल मीडियावरून खाली उतरवलेला फोटो दाबलेला असतो, मोठा केला की चौकटी दिसतात. कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. आणि कॅप्शन: फोटोतल्या प्रत्येक ओळखू येणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि इयत्ता, चाललं आहे त्याचं वर्तमानकाळात वर्णन, दुसऱ्या वाक्यात फोटोत न दिसणारी माहिती. 'टीम जल्लोष करताना' याला कॅप्शन म्हणत नाहीत.

एआय. बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत आता यावर वेगळं कलम असतं. तुमच्या पेपरचं स्वतःचं लेखी धोरण सप्टेंबरमध्येच करा: मुलाखतीचं टिपण उतरवायला चालेल का, मथळा सुचवायला चालेल का, मजकूर लिहायला चालणार नाही. टिपण यंत्राने उतरवलं तर प्रत्येक अवतरण मूळ आवाजाशी ताडून बघायचंच. यंत्र विशेषनामांची वाट लावतं, आणि आपल्या मुलांच्या नावांची तर खासच.

उन्हाळी_पाऊस

उन्हाळी कार्यक्रमांबद्दल, आणि थोडं खडखडीत.

इथल्या आपल्या पालकांना 'तुमच्या पाल्याची निवड झाली आहे' अशी सोनेरी कडेची पत्रं येतात. मुलाने अर्जच केलेला नसतो! आठवड्याभराची फी हजारोंत. अशा ठिकाणी चार प्रश्न विचारा: निवडीसाठी लेखनाचे नमुने मागितले का, शिकवणारे न्यूजरूममध्ये काम करतात का, मुलांची बातमी शेवटी कुठे प्रसिद्ध होणार, आर्थिक मदतीचा फॉर्म आहे का. चारपैकी तीन 'नाही' आले तर ती सहल आहे. सहल म्हणून पाठवायला हरकत नाही, पण तिच्यामुळे कॉलेजचा अर्ज उजळेल या भ्रमात राहू नका.

खरे निवडीचे कार्यक्रम वेगळे. नॉर्थवेस्टर्नच्या मेडिल स्कूलचा, १९३४ पासून चाललेला, अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्यांसाठी. फी मोठी आहे, आर्थिक मदत मागता येते. प्रिन्स्टनचा समर जर्नलिझम प्रोग्रॅम तर तुमच्याच राज्यात. मर्यादित उत्पन्नाच्या घरांतल्या अकरावीच्या मुलांसाठी आणि पूर्ण मोफत. एशियन अमेरिकन जर्नलिस्ट्स असोसिएशनचं जेकॅम्पही मोफत. नावात एशियन असलं तरी सगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांना खुलं. फ्रीडम फोरमच्या अल न्यूहार्थ कार्यक्रमात प्रत्येक राज्यातून एक आणि वॉशिंग्टन डीसीतून एक असे ५१ ज्युनियर (अकरावीतली मुलं) निवडतात आणि प्रत्येकाला १,००० डॉलरची शिष्यवृत्ती देतात. राज्यातून एकच, तेव्हा अपेक्षा तशी ठेवा. डाऊ जोन्स न्यूज फंडाच्या मदतीने विद्यापीठांत होणाऱ्या कार्यशाळाही बघा. त्यांची जाहिरात कमी होते.

या सगळ्यांचे अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात. एप्रिलमध्ये 'उन्हाळ्यात काय करू?' विचारणाऱ्याच्या हाती बहुधा ती सोनेरी पत्रंच उरतात. शिफारसपत्र लागतं, म्हणून मुलांना सांगा: मुदतीच्या तीन आठवडे आधी मागा, सोबत स्वतःच्या दोन कात्रणांच्या लिंक आणि 'यातलं काय लिहिलंत तर मदत होईल' अशा चार ओळी द्या.

एक बारीक पण आपल्या लोकांना लागणारी गोष्ट. काही शिष्यवृत्त्यांना नागरिकत्व किंवा ग्रीनकार्डची अट असते. एच-४ वरच्या (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या) मुलांनी पात्रतेचा परिच्छेद निबंध लिहायला बसण्याआधी वाचावा. अट संदिग्ध असेल तर आयोजकांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरं_प्रूफ

'बायलाइन'रावांशी एका बाबतीत असहमत. पहिल्या वर्षी स्पर्धांची एवढी यादी भिंतीवर लावू नका. मुलं विषय निवडताना परीक्षकाकडे बघू लागतात: मानसिक आरोग्य, एआय, परीक्षेचा ताण, पुन्हा मानसिक आरोग्य. देशभरातून हेच येतं. जिंकणारी बातमी बहुधा अशी असते जी फक्त त्याच शाळेत होऊ शकते.

आणि तशा बातम्या न्यू जर्सीत कागदांवर पडून आहेत. डिस्ट्रिक्टला 'युझर-फ्रेंडली बजेट' वेबसाइटवर टाकावं लागतं. दोन वर्षांची शेजारी ठेवा आणि ज्या ओळीत मोठा फरक आहे तिथे बोट ठेवून कारण विचारा. बोर्डाच्या सभा खुल्या असतात, वार्षिक वेळापत्रकात नसलेल्या सभेचीही साधारणपणे ४८ तास आधी सूचना द्यावी लागते. एक मूल दर सभेला जाऊन बसलं पाहिजे, बातमी होवो न होवो. जे कागद वेबसाइटवर नाहीत ते ओप्रा, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, खाली मागा. शाळांच्या बाबतीत अर्ज बहुधा बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जातो, आणि सर्वसाधारण अर्जाला कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. अर्ज फुकट जातो तो प्रश्न विचारल्यामुळे. 'कॅफेटेरियावर इतका खर्च का?' हा प्रश्न झाला, त्याला कायद्याने उत्तर द्यावं लागत नाही. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कॅफेटेरियाच्या कंत्राटदाराला दिलेली बिलं' हा कागद झाला.

बायलाइन_कोणाची

मान्य. यादी भिंतीवर नको, तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. कात्रण तयार झालं की स्पर्धा शोधायची, उलट नाही. फक्त मुदती तुम्हाला पाठ हव्यात.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवते आहे. डिस्ट्रिक्टचं धोरण सापडलं, त्यात आधी दाखवायचा उल्लेखच नाही. आणखी दोन प्रश्न. एक, मुलं मुलाखती फोनवर रेकॉर्ड करतात, ते चालतं का? दोन, दोन वर्षांपूर्वीच्या एका लेखातलं मुलाचं वाक्य वेबसाइटवरून काढावं अशी एका पालकांची ईमेल आधीच्या अ‍ॅडव्हायझरकडून माझ्याकडे आली आहे. मुलगा आता कॉलेजात आहे. काय करतात अशा वेळी?

समासातली_टीप

रेकॉर्डिंग: न्यू जर्सीत संभाषणातल्या एका पक्षाची संमती पुरते, आणि बातमीदार हा एक पक्ष आहेच. पण नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात सगळ्यांची लागते. म्हणून नियम एकच ठेवा: रेकॉर्डर सुरू केल्यावर पहिलं वाक्य 'मी रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' आणि समोरच्याचं 'हो' टेपवर. सोबत वहीत टिपणंही हवीत. फोनची बॅटरी नेमकी सुपरिंटेंडंटच्या मुलाखतीत संपते.

लेख काढण्याची मागणी: याला तुम्ही एकट्याने उत्तर देऊ नका. निर्णय संपादक मंडळाचा, तुम्ही प्रक्रिया सांभाळा. प्रत्येक शाळेच्या पेपरला ही ईमेल कधी ना कधी येते, कारण मुलं नोकरी किंवा प्रवेशासाठी अर्ज करतात आणि कोणीतरी त्यांचं नाव शोधतं.

आधी पालकांना दोन ओळींत पोच द्या: मागणी मिळाली, संपादक मंडळ अमुक तारखेपर्यंत कळवेल. मुलगा सज्ञान आहे, तेव्हा त्याची स्वतःची विनंती मागून घ्या. पालकांना वाक्य नको असेल आणि त्याला हवं असेल असंही होतं. मग मंडळाने तपासायचं: वाक्य चुकीचं छापलं होतं का? तसं असेल तर दुरुस्ती आणि लेखाच्या तळाशी तारखेसह टीप, गुपचूप बदल नाही. बरोबर छापलं होतं पण आता लाज वाटते एवढंच असेल तर बहुतेक पेपर काढत नाहीत. प्रत्यक्ष धोका असेल, म्हणजे सुरक्षितता, छळ, आरोग्याचा किंवा इमिग्रेशनचा खाजगी तपशील उघड होणं, तर मधले मार्ग आहेत: पूर्ण नावाऐवजी फक्त पहिलं नाव, नाव काढून 'एक ज्युनियर' आणि तशी टीप, किंवा लेख ठेवून ते पान सर्च इंजिनना न दाखवण्याची सेटिंग. पूर्ण लेख काढणं सगळ्यांत शेवटी.

सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सच्या आचारसंहितेत सत्य शोधणं आणि हानी कमी करणं ही दोन्ही तत्त्वं शेजारी शेजारी आहेत. मंडळाच्या बैठकीत ती समोर ठेवा आणि मुलांना भांडू द्या. निर्णय काहीही होवो, कारणासकट एका फाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी दुसरी ईमेल येईल तेव्हा संपादक नवे असतील आणि विचारणारा म्हणेल, 'त्यांचं काढलंत, मग आमचं का नाही?'

ही फाइल डिस्ट्रिक्टच्या ड्राइव्हवर एखाद्या मुलाच्या खात्यात ठेवू नका. मूल पदवी घेऊन गेलं की खातं बंद होतं आणि त्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. पेपरचं स्वतःचं शेअर्ड खातं काढा. वेबसाइटचे पासवर्ड, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि मूळ फोटोही तिथेच.